पाचवीची जागा

दिवाळी झाली की सिंदीच्या हवेत कापूस उडायला लागतो आणि माझं डोकं फिरायला लागतं. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू होतात. मी आता वर्ध्याला राहते, माझ्या गावाला, सिंदी रेल्वेला, महिन्या-दोन महिन्यांतून एखादी चक्कर होते. पण गाडीतून उतरल्या उतरल्या जिनिंग कारखान्यातल्या सरकीचा तो तेलकट, कोंदट वास नाकात शिरतो आणि माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप फाकतात. चेंडू धरायला फाकतात तशी. सव्वीस वर्षं झाली, पण बाई गं, आता तुला कोणी चेंडू देत नाहीये, एवढं साधं त्या बोटांना अजून कळलेलं नाही.

हिवाळा आला की लोकांना हुरडा आठवतो, कोवळं ऊन आठवतं. मला बास्केटबॉल आठवतो आणि राग येतो. चांगला सणसणीत राग येतो. भांडी आपटली जातात, भाजीत तिखट जास्त पडतं. नवरा ताटावर बसल्या बसल्या विचारतो, "सिंदीच्या मॅची सुरू झाल्या वाट्टे?" मी त्याला आणखी भाजी वाढते. तो मुकाट्याने दही घेतो.

मी शेतं मोजते. सरकारी मोजणीदार आहे. दोन भावांच्या मध्ये उभं राहून बांध कुठे आहे आणि कुठे असायला हवा होता हे सांगायचं, दोघांच्याही शिव्या खायच्या आणि पुढच्या गावाला जायचं, असं माझं काम. दुपारचा डबा बांधावरच होतो. यंदा दिवाळीनंतर हिंगणीकडे मोजणी होती. तुरीला शेंगा धरल्या होत्या, मी मोहाच्या सावलीत डबा उघडला आणि मोबाइलवर अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे तुकडे बघत बसले. ही माझी गुप्त चैन आहे. त्यात एक सात फुटांचा माणूस होता, दारातून वाकूनच आत येत असेल असा. आमच्या वेळी असा माणूस दिसला की त्याला धरून बास्केटखाली नेऊन उभा करायचे. हा पठ्ठ्या चेंडूला टप्पे मारत स्वतः पुढे घेऊन आला, दोघांना हूल दिली, मागे न बघता मागच्याला पास दिला. पुढच्या वेळी तर तीन गुणांच्या रेषेबाहेरूनच, निवांत उभं राहून, त्याने चेंडू फेकला. गेला आत. आणि त्याच्या कोचने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवल्या! हातातला घास मी तसाच डब्यात टाकला.

ज्यांचा या खेळाशी संबंध आला नाही त्यांना सांगायला हवं. बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच जण असतात आणि पाचांना एक ते पाच असे आकडे नेमलेले असायचे. पहिला चेंडू घेऊन येणारा, चलाख, बहुधा बुटका. दुसरा लांबून नेम धरणारा. तिसऱ्याला सगळं थोडं थोडं यावं लागे, चौथा अंगाने दांडगा. आणि पाचवा संघातला सगळ्यात उंच. त्याने बास्केटकडे पाठ करून खाली उभं राहायचं, नेम चुकलेला चेंडू उडी मारून पकडायचा, जवळून जमलं तर आत टाकायचा, नाहीतर गुमान पहिल्याच्या हातात द्यायचा. त्याला इंग्रजीत पिव्हट म्हणत. सोप्या भाषेत खुंटा. बाकीच्यांनी फिरायचं आणि याने रोवलेलं राहायचं.

आता मोठ्या मोठ्या लीगमध्ये हे आकडे पुसले गेले आहेत. खुंटा चेंडू आणतो, खुंटा पास देतो, खुंटा लांबून नेम धरतो. बुटके लोक आत घुसून उंचांच्या डोक्यावरून चेंडू टाकतात. समालोचन करणारे कौतुकाने सांगतात की आता कोणाची ठरलेली अशी जागाच राहिलेली नाही. ज्यांना फक्त बास्केटखालचाच खेळ येतो अशा जुन्या वळणाच्या उंच माणसांना म्हणे सामना चुरशीचा झाला की बाकावर बसवतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं. बसा आता, असं वाटलं होतं. त्या वाटण्याची लाज वाटायला यंदाचा हिवाळा यावा लागला.

आमच्या शाळेचं मैदान जिनिंगच्या भिंतीला लागून होतं. मुरमाचं मैदान, लोखंडी खांब, लाकडी फळ्या. बास्केटच्या जाळ्यांमध्ये हिवाळाभर कापसाचे तंतू अडकून बसायचे, इतके की जाळी म्हातारीच्या केसांसारखी दिसायची. चेंडू रिंगला न लागता नीट आत गेला की त्यातला कापूस भुर्रकन उडायचा. फळीला आपटून, रिंगवर रेंगाळून आत पडलेल्या चेंडूने तो एवढा उडत नसे. त्यामुळे बास्केट किती स्वच्छ झाली हे आम्हाला कापूस सांगायचा.

आम्हाला शिकवायला भोयर सर होते. पीटीचे सर. ते स्वतः आयुष्यभर कबड्डी खेळलेले. शाळेत बास्केटबॉलचे खांब आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं आणि सर शब्दकोश घेऊन ते पुस्तक शिकले. पुस्तकात मैदानाचं चित्र होतं आणि त्यात पाच गोल होते, आकडे घातलेले. सरांनी ते चित्र जसंच्या तसं जमिनीवर उतरवलं. रोज सकाळी रेषा मारायची पांढरी फक्की घेऊन ते पाच गोल काढायचे. मग आम्हाला ओळीत उभं करून उंचीने निवडलं. "तू पयली. तू दुसरी." माझ्यापाशी आले, मान वर करून बघितलं. माझी उंची तेव्हाच आईच्या डोक्यावरून गेली होती. म्हणाले, "पाचवी."

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. प्रज्ञा हे हजेरीपटावर राहिलं. मैदानावर, वर्गात, बाजारात मी पाचवी. सरांचा नियम साधा होता. सांगितल्याशिवाय आपला गोल सोडायचा नाही, सोडला तर मैदानाला दहा चकरा. माझ्यासाठी आणखी एक खास नियम होता. "पाचवीनं टप्पा माराचा नाई. तुले टप्प्याचं का काम? बॉल धर आन् कवितेले दे." कविता म्हणजे आमची पहिली, किराणा दुकानदाराची मुलगी, माझ्या खांद्यालाही न लागणारी. ज्या खेळात चेंडूला टप्पे मारायचे असतात तो खेळ मी चार वर्षं टप्पा न मारता खेळले. पोहायला नेऊन पाण्याला हात लावू नको म्हणावं, तसं.

घरी जाऊन मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मी पाचवी झाली." बाबा रेल्वेत गँगमन होते. जेवता जेवता थांबले.

"का झाली?"

"पाचवी. सरायनं नंबर देल्ला."

"आपल्यात पाचवी नाई पूजत," बाबा म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

मला तेव्हा ते गंमत वाटलं. आजूबाजूच्या घरांत बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी पाट मांडायचे, त्यावर कोरा कागद आणि पेन ठेवायचे. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून. एकदा लिहिलं की संपलं, ते पाचवीला पुजलेलं. माझे आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि त्या वर्षापासून आमच्या घरातून तो पाट गेला. कपाळ कोरं असतं आणि त्यावर आपणच लिहायचं असतं, हे आम्ही भावंडं बाराखडीच्या आधी शिकलो. त्या घरातली मुलगी रोज सकाळी साडेसहाला जाऊन फक्कीच्या गोलात उभी राहायची. एका माणसाने मान वर करून एकदा बघितलं आणि माझं सगळं लिहून टाकलं.

सरांनी माझी जात बघून मला तिथे उभं केलं नाही, हेही मी सांगते, कारण ते खरं आहे. त्यांनी पट्टीने मोजावी तशी उंची मोजली. कवितेलाही त्यांनी तसंच बांधलं होतं. पण जागा नेमून द्यायची आणि मग माणूस त्या जागेचाच आहे असं समजायचं, ही खोड काही त्या इंग्रजी पुस्तकातून आली नव्हती. ती आपल्याकडे आधीपासून भरपूर आहे. त्या पुस्तकाने फक्त आकडे पुरवले.

मला सगळ्यात लख्ख आठवतात ते शेवटच्या हिवाळ्यातले, दहावीतले, रविवार. सर रविवारी यायचे नाहीत. कविता दुकानातून निसटून यायची, खिशात शेंगदाणे, मी घरचं पाणी भरून धावत जायची. मैदानावर शनिवारचे गोल अर्धवट पुसलेले असायचे. एकदा कविता सरळ जाऊन माझ्या गोलात उभी राहिली आणि म्हणाली, "आज मी पाचवी. तू हो पयली."

"तू कोनाले दिसशीन तिथं?"

"दिसली नाई तं बरंच हाय. तू फेक तं खरी."

आम्ही जागा बदलल्या. कवितेला बास्केटखाली घुसायचं होतं, माझ्यासारख्या उंच पोरीच्या बगलेतून, आणि तिला ते काय सुंदर जमायचं! चिमणी वळचणीत शिरते तशी शिरायची. आणि मी टप्पे मारायला लागले. आधी चेंडू पायावर आदळायचा, कुठल्या कुठे जायचा. मग एका रविवारी तो माझ्या हाताला परत यायला लागला. मग मी लांब गेले, रेषेच्या बाहेर, आणि तिथून फेकला. किती चुकले त्याची गणती नाही. चेंडू भिंतीवरून जिनिंगमध्ये जायचा, तिथल्या कापूस निवडणाऱ्या बाया तो परत फेकायच्या आणि ओरडायच्या, "पोरीहो, जेवाले बसा आता." पण दिवाळीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या रविवारी एक चेंडू गेला. रिंगला न लागता. जाळीतला कापूस उडाला आणि खाली उभ्या कवितेच्या डोक्यावर पडला. ती डोकं झटकत नाचत होती. मला वाटलं, माझ्या हाताला हे आधीपासून येत होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

ही गोष्ट आम्ही सरांना सांगितली नाही. चोरी लपवावी तसं लपवलं. एखादी गोष्ट येते हे लपवायची पाळी मुलीवर यावी, यातच सगळं आलं. आजही मला त्याचाच जास्त संताप येतो.

जिल्ह्याची अंतिम लढत आमच्याच मैदानावर होती. समोर वर्ध्याच्या मुली, सगळ्यांचे बूट सारखे. भिंतीवर, झाडावर, जिनिंगच्या पत्र्यावर माणसं. बाबा ड्यूटीवरून सरळ आले होते, खांबाला टेकून उभे होते. शेवटची मिनिटं उरली, आम्ही दोन गुणांनी मागे. कवितेला दोघींनी कोपऱ्यात धरलं होतं. माझ्यावरही एक होती. पण मी गोलातून बाहेर चालायला लागले तेव्हा ती माझ्यामागे आलीच नाही. कशाला येईल? पाचवी बाहेर जाऊन काय करणार? मी रेषेच्या बाहेर उभी राहिले, एकटी, मैदानाच्या मधोमध मोकळी. कवितेने मला बघितलं. तिचे डोळे मला आजही दिसतात, रविवारचे डोळे. चेंडू आला. मी फेकला.

कापूस उडाला. अख्ख्या सिंदीने बघितला.

तीन गुण. आम्ही एकाने पुढे. पत्र्यावरची माणसं नाचत होती. आणि शिट्टी वाजली, खेळाडू बदलायची. सरांनी मला बाहेर बोलावलं होतं. मी हसत हसत धावत गेले, मला वाटलं पाठ थोपटायला बोलावलं. सरांचा चेहरा लाल झालेला.

"जागा काऊन सोडली?"

मी जाळीकडे बोट दाखवलं.

"मी का सांगतलं होतं? बस तिथं."

मी बसले. माझ्या जागी माझ्यापेक्षा वीतभर बुटकी मुलगी गेली. वर्ध्याच्या मुलींनी चेंडू फेकला, चुकला, त्यांच्याच उंच मुलीने तो आमच्या मुलीच्या डोक्यावरून अलगद उचलला आणि आत टाकला. वेळ संपली. आम्ही एकाने हरलो.

आणि मग सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पाचवीने जागा सोडली म्हणून हरलो. संध्याकाळपर्यंत ते बाजारभर झालं. पानाच्या ठेल्यावर, पिठाच्या गिरणीत, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत. ज्यांनी पत्र्यावर नाचताना तो कापूस उडालेला बघितला होता तेही म्हणायला लागले, "खरं हाय, पोरीनं जागा सोडाले नोती पायजे." विभागाच्या संघासाठी नावं पाठवायची होती. कवितेचं गेलं. माझ्या नावापुढे सरांनी शिस्त नाही असं कळवलं. मोजणीच्या कामात मी हे पुढे फार वेळा बघितलं. बांध सरकतो, आणि पाच वर्षांनी अख्खं गाव शपथेवर सांगतं की बांध पहिल्यापासून इथेच होता.

त्या दिवशी घरी बाबांनी एवढंच विचारलं, "बास्केट झाली होती ना?"

"झाली होती."

"मंग तुले काऊन काढलं?"

"मले का मालूम."

"मंग सरले विचार. उद्या सकाळी जाजो आन् विचारजो. बास्केट झाली होती, मंग मले काऊन काढलं. एवढंच. भांडू नको."

दुसऱ्या दिवशी मी गेले. शाळेच्या फाटकापर्यंत गेले. सर मैदानावर फक्की टाकत होते, वाकून, एक एक गोल नीट काढत. मी फाटकाला धरून उभी राहिले आणि परत आले. बाबांना सांगितलं की सर नव्हते. त्यांना कळलं असणार. रुळाला कान लावून गाडी किती लांब आहे सांगणारा माणूस, त्याला माझं खोटं ऐकू आलं नसेल काय? पण ते पुन्हा बोलले नाहीत. मी पुन्हा त्या मैदानावर पाय ठेवला नाही. बाबा जाऊन सात वर्षं झाली. माझ्या रागाचा अर्धा वाटा सरांचा असला तर अर्धा त्या फाटकावरून परत फिरलेल्या पोरीचा आहे, आणि तिला मी अजून माफ केलेलं नाही.

तर यंदा सिंदीच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. माजी खेळाडू म्हणून. जाऊ नये असं ठरवलं आणि चांगली साडी नेसून गेले. मैदान आता सिमेंटचं, निळा-लाल रंग दिलेलं, फळ्या काचेसारख्या. जिनिंग मात्र तिथेच, कापूस तसाच. सर प्रमुख पाहुणे. सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेलेत, दोघांनी धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, तो खोटा नव्हता. "काय वं पाचवी! वयखलं का मले?"

सव्वीस वर्षांनी नाव विचारायचीही गरज पडली नाही. पाचवी!

मग सरांचं भाषण झालं. माइक धरून, अगदी पुस्तकी भाषेत. "पूर्वी या खेळात प्रत्येकाची जागा ठरलेली असे. आज तसं राहिलेलं नाही. कोणीही कुठूनही खेळतो. मी माझ्या मुलींना तेव्हापासून हेच सांगत आलो." टाळ्या. मी पदराचं टोक मुठीत धरलं. शेजारच्या बाईंनी मला पाणी हवंय का विचारलं. मला पाणी नको होतं. मला माइक हवा होता, आणि मला ठाऊक होतं की तो हातात आला तरी मी 'सर्वांना नमस्कार' म्हणून बसेन. सर खोटं बोलत नव्हते, हे तर जास्त वाईट. त्यांना खरंच तसं आठवत होतं. तेही आता नातवाच्या मोबाइलवर त्या सात फुटी लोकांचे खेळ बघतात, भाषण संपवून माझ्या शेजारी बसल्यावर मला सांगत होते. "काय खेळते वं थो उंच्या! तिकून फेकते, सिद्दा आत!" लहान मुलासारखे डोळे चमकत होते. मी म्हटलं, "हो सर."

सामना सुरू झाला. सिंदीच्या संघात एक मुलगी होती, समीक्षा. नववीतली, उंच, अंगाने भरलेली, चालायला जरा जड. तिला बघताच कळत होतं की ही आतली आहे. बास्केटकडे पाठ करून तिने चेंडू मागितला की मागच्या मुलीचं वजन ती पाठीने तोलायची, एक खांदा इकडे दाखवायचा, दुसऱ्या बाजूने वळायचं. जुनी, अस्सल पाचवी. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. कडेला तिचे नवे कोच उभे होते, पंचविशीचे, टोपी घातलेले, आणि सारखे ओरडत होते, "समीक्षा, बाहेर ये! मधात गर्दी नको करू! बाहेर! थ्री मार!"

ती बाहेर यायची. लांबून फेकायची, चुकायचं. तिचे खांदे पडायचे. पुन्हा चेंडू आला की तिचे पाय आपोआप आत वळायचे. "बाहेर! किती खेप सांगू? तसं आता कोनी खेळत नाई!"

मला समजायला थोडा वेळ लागला. जी जागा मला सोडू दिली नाही तीच जागा या मुलीला धरू देत नव्हते. मी ज्या मोकळीकीसाठी सव्वीस वर्षं जळतेय तीच इथे शिट्टी घेऊन हुकूम सोडत होती. गोल पुसले होते, पण पोरीने कुठे उभं राहायचं ते कडेचा माणूसच ठरवत होता. आणि बांधावर मोबाइल बघत त्या जुन्या उंच माणसांना 'बसा आता' म्हणणारी मीच होते.

शेवटची मिनिटं. सिंदी एकाने मागे. समीक्षा आत गेली. कोच ओरडत असताना गेली. पाठीवर दोघी घेतल्या, चेंडू उंच धरला, वळली आणि एका हाताने डोक्यावरून, कमानीसारखा, अलगद सोडला. रिंगला लागलाच नाही. जाळीतला कापूस उडाला.

एकाने पुढे. लोक उठून ओरडायला लागले. आणि शिट्टी वाजली, खेळाडू बदलायची. कोचने समीक्षाला बाहेर बोलावलं, बाकाकडे बोट दाखवलं. ती हसत आली होती.

माझ्या शेजारी सर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धे उठले. गुडघे विसरले. गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "अरे! बास्केट झाली ना! मंग तिले काऊन काढलं?"

माझ्या बाबांचं वाक्य. जवळजवळ शब्दाला शब्द.

मी सरांकडे बघितलं. ते अजून मैदानाकडे बघत होते. "असं असते का कुठं? बास्केट झाल्यावर काढते कोनी पोरीले?"

"काढते, सर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून तो राग उतरला आणि त्याच्या खाली दुसरं काहीतरी वर यायला लागलं. ते खुर्चीत परत बसले. "तुह्या वक्ताले..." म्हणाले. आणि थांबले. "तवा पुस्तकात..." पुन्हा थांबले. पुढचा शब्द त्यांना सापडत नव्हता. एरवी म्हाताऱ्या माणसाला मी शब्द काढून देते, मोजणीला गेल्यावर रोजच देते. त्यांना दिला नाही. मी उठले.

बाक मैदानाच्या पलीकडच्या कडेला होता. साडी सावरत मी सगळ्यांच्या पुढ्यातून गेले. सामना चालू होता, कोण जिंकत होतं मी बघितलं नाही. समीक्षा टॉवेल तोंडावर धरून बसली होती. मी तिच्याजवळ बसले. तिने टॉवेलच्या कडेतून बघितलं, ही उंच बाई कोण म्हणून.

"बास्केट झाली होती," मी म्हटलं. "साफ होती. कापूस उडालता."

तिने टॉवेल खाली घेतला. डोळे लाल. "मंग मले काऊन काढलं?"

"मले नको विचारू. त्यायले विचार. एवढंच विचारजो. भांडू नको."

"आत्ता?"

"आत्ता. उद्या जाशीन तं फाटकापासून वापस येशीन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग टॉवेल बाकावर ठेवला, उठली, पाठ ताठ केली आणि पूर्ण उंचीने चालत टोपीवाल्या कोचसमोर जाऊन उभी राहिली.